बोटीच्या इंजिनाचा पट्टा पुन्हा पुन्हा तुटतो तेव्हा कारण कसे शोधावे

प्रश्न थोडक्यात असा आहे: बोटीत तीन सिलिंडरचे इनबोर्ड, म्हणजे बोटीच्या आत बसवलेले, डिझेल इंजिन आहे. चालत्या बोटीत अचानक चार्जिंगचा दिवा लागला, पाठोपाठ तापमान चढू लागले आणि इंजिन बंद करून पाहिले तर पुढचा पट्टा तुटलेला होता. त्याच मापाचा नवा पट्टा बसवला, पण तोही थोड्याच तासांच्या वापरानंतर तुटला. आता अधिक भारी प्रतीचा पट्टा घ्यावा का, असे विचारले आहे.

माझे उत्तर असे, की इतक्यात कोणताही पट्टा विकत घेऊ नये. योग्य मापाचा, नीट बसवलेला पट्टा शेकडो तास चालतो. तो काही तासांत तुटला, तर दोष बहुधा पट्ट्यात नसून पट्टा ज्या पुलींवरून धावतो त्यांच्यापैकी कोठेतरी असतो, आणि तो दोष सापडेपर्यंत तिसरा पट्टाही त्याच वाटेने जाईल. तुटलेले दोन्ही पट्टे अजून जवळ असतील, तर ते कृपया फेकू नका. निदानाचा निम्मा भाग त्यांच्यावरच उमटलेला असतो.

प्रथम सुरक्षिततेविषयी. इंजिन पूर्ण थांबलेले असावे, चावी काढलेली असावी आणि बॅटरीचा मुख्य स्विच बंद असावा. अल्टरनेटरच्या, म्हणजे बॅटरी भरणाऱ्या वीजजनित्राच्या, मागच्या जाड तारेत इंजिन बंद असतानाही बॅटरीचा विद्युतदाब असतो. पान्हा त्या टोकाला आणि इंजिनाच्या धातूला एकाच वेळी टेकला तर मोठी ठिणगी पडते आणि हात भाजतो. इंजिन तापलेले असेल तर शीतकाच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या, टाकीचे झाकण उघडू नये. ते झाकण आतला दाब धरून ठेवते, त्यामुळे आतले पाणी 100 अंशांच्या वर जाऊनही उकळलेले नसते आणि झाकण सैल होताच ते एकदम वाफेसह बाहेर उसळते. पेट्रोल इंजिन असलेल्यांनी आणखी एक काळजी घ्यावी: पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने बोटीच्या तळाशी साचते, म्हणून इंजिन पुन्हा सुरू करण्यापूर्वी इंजिनकक्षाचा पंखा किमान 4 मिनिटे चालवावा.

आता लक्षणांकडे वळू. पट्टा तुटला की काय काय बंद पडते, हे तो पट्टा कशाकशाला फिरवतो यावर अवलंबून असते आणि येथे इंजिनाइंजिनांत मोठा फरक आहे. काही इंजिनांत एकच पट्टा अल्टरनेटर आणि गोड्या पाण्याचा, म्हणजे इंजिनातील शीतक फिरवणारा, पंप चालवतो. बाहेरचे पाणी ओढणारा पंप मात्र गिअरवर चालतो. काहींत बाहेरच्या पाण्याच्या पंपाला स्वतंत्र छोटा पट्टा असतो. स्टर्नड्राइव्हमध्येही, म्हणजे इंजिन आत आणि पंखा फिरवणारा ड्राइव्ह बोटीच्या मागे बाहेर अशा रचनेतही, असेच आहे: मर्क्रुझर कंपनीच्या अल्फा प्रकारात बाहेरच्या पाण्याचा पंप खाली ड्राइव्हमध्ये असतो, तर ब्राव्हो प्रकारात तो वर इंजिनावर असतो. त्यामुळे दुसऱ्याच्या बोटीवरील अनुभव आपल्या बोटीला जसाच्या तसा लागू होत नाही. इंजिन शांत असताना एकदा टॉर्च घेऊन प्रत्येक पट्ट्याचा मार्ग डोळ्यांनी पाहून ठेवावा आणि त्याचे चित्र काढून इंजिनकक्षाच्या झाकणाच्या आत चिकटवावे, असे मी प्रत्येक बोटमालकाला सांगतो.

चार्जिंगचा दिवा लागला, इंजिन नीट चालू असूनही फेऱ्यांचा काटा शून्यावर आला, पण तापमान स्थिर आहे आणि बोटीच्या मागच्या निकासातून, म्हणजे धुराच्या नळीतून, पाणी नेहमीसारखे पडते आहे, अशी स्थिती असेल तर फक्त अल्टरनेटर फिरायचे थांबले आहे. फेऱ्यांचा काटा पडतो याचे कारण असे, की अनेक डिझेल इंजिनांत टॅकोमीटरला संकेत अल्टरनेटरकडूनच मिळतो. दिवा लागला, तापमान चढते आहे, पण मागून पाणी पडतच आहे आणि त्यात वाफ वाढते आहे, असे असेल तर शीतक फिरवणारा पंप थांबला आहे. मागचे पाणीच बंद झाले, निकासाचा आवाज पोकळ आणि मोठा झाला, तर बाहेरच्या पाण्याचा पंप थांबला आहे किंवा पाण्याचे तोंड गाळाने अथवा प्लास्टिकने बंद झाले आहे. या शेवटच्या स्थितीत चार्जिंगचा दिवा लागला नसेल, तर संशय मुख्य पट्ट्यावर घेण्याआधी पाण्याची गाळणी आणि इम्पेलर, म्हणजे पंपातले रबरी पात्यांचे चाक, तपासावा. प्रश्नात मागच्या पाण्याचा उल्लेख नाही. पुढच्या वेळी असे काही घडले तर इंजिन बंद करण्यापूर्वी मागे एक नजर जरूर टाकावी, कारण त्या एका नजरेने शोधाचे क्षेत्र खूप लहान होते.

येथे दोन फसवणुका ध्यानात ठेवाव्यात. पहिली तापमापकाची. शीतक फिरायचे थांबले किंवा वाहून गेले की तापमापकाचा संवेदक वाफेच्या किंवा हवेच्या पोकळीत येऊ शकतो, आणि मग इंजिन प्रत्यक्षात भाजत असताना काटा खाली दिसतो. म्हणून काटा उतरला याचा अर्थ धोका टळला, असे समजू नये. दुसरी फसवणूक दिव्याची. अनेक अल्टरनेटरांना सुरुवातीची चेतना त्या दिव्यातूनच मिळते. दिवा जळलेला असेल तर पट्टा तुटल्याचा इशारा मिळत नाही आणि पट्टा शाबूत असतानाही चार्जिंग सुरू होत नाही असे घडू शकते. चावी फिरवल्यावर, इंजिन सुरू होण्यापूर्वी, दिवा लागतो की नाही हे प्रत्येक वेळी पाहण्याची सवय असावी.

पट्टा तुटल्यावर किती वेळ इंजिन चालवता येईल, हेही अनेकदा विचारले जाते. पट्टा फक्त अल्टरनेटर चालवत असेल आणि इंजिन यांत्रिक इंधनपंपाचे जुने डिझेल असेल, तर ते बॅटरीशिवायही चालत राहील. अनावश्यक उपकरणे बंद करून बंदर गाठता येते. इंधनपंप किंवा नियंत्रण विजेवर असेल, तर बॅटरी उतरताच इंजिन थांबेल, हा हिशेब आधी करावा. दोनपैकी कोणताही पाण्याचा पंप थांबला असेल, तर धक्क्याला आदळण्यापासून वाचण्याइतके काही क्षण वगळता इंजिन चालवू नये. बाहेरच्या पाण्याविना इम्पेलर थोड्याच वेळात फाटतो आणि निकासाची रबरी नळी जळू लागते.

आता तुटलेल्या पट्ट्याकडे. सर्व तुकडे गोळा करून उजेडात सपाट जागी मांडावेत आणि मूळ लांबी भरते का ते पाहावे. भरत नसेल तर उरलेला तुकडा शोधल्याशिवाय इंजिन सुरू करू नये. तो अनेकदा क्रँक पुलीच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य शाफ्टवरील पट्टा फिरवणाऱ्या पुलीच्या, मागे गुंडाळलेला असतो. विशेषतः अनेक खाचांच्या चपट्या पट्ट्याचे दोरे तेथे शाफ्टभोवती आवळले जाऊन पुढच्या तेलसीलमध्ये शिरू शकतात. मग पट्ट्याच्या किरकोळ दुरुस्तीऐवजी तेलगळतीची मोठी दुरुस्ती पदरात पडते. पुलीमागे दोऱ्याचे एक टोक जरी दिसले, तरी ते ओढून न तोडता शाफ्ट उलगडेल त्या दिशेने हाताने फिरवत पूर्ण काढावे.

तुटण्याच्या खुणा वाचताना घाई करू नये. पट्टा सरळ आडवा, जणू सुरीने कापल्यासारखा तुटला असेल आणि बाकीचा भाग नवाकोरा दिसत असेल, तर आतले ताण पेलणारे दोरे एकाच ठिकाणी दुखावले गेले होते. असे एखादी पुली अचानक जाम झाल्याने होते, पट्ट्यात बाहेरची वस्तू सापडल्याने होते, आणि सर्वांत जास्त वेळा पट्टा बसवताना तो पेचकसाने पुलीच्या कडेवरून जबरदस्तीने चढवल्याने होते. हे शेवटचे कारण नवख्यांना पटत नाही, कारण त्या वेळी पट्ट्यावर वरून काहीच दिसत नाही. आतले दोरे मात्र तुटलेले असतात आणि पट्टा पुढे काही तासांनी त्याच जागी सुटतो. आपला दुसरा पट्टा लवकर तुटला आहे, म्हणून तो नेमका कसा चढवला होता हे आठवून पाहावे. अल्टरनेटरचे बोल्ट पुरेसे सैल करून, त्याला इंजिनाकडे पूर्ण ढकलूनही पट्टा हाताने चढत नसेल, तर तो पट्टा लांबीने आखूड आहे.

पट्ट्याची एकच कड झिजलेली, तिच्यातून दोरे लोंबणारे आणि दुसरी कड जवळजवळ शाबूत, असे दिसले तर पुली एका रेषेत नाहीत. दोन्ही बाजू काचेसारख्या चकचकीत आणि कडक झाल्या असतील, जळक्या रबराचा वास येत असेल, तर पट्टा घसरत होता. पट्ट्यावर एकाच ठिकाणी भाजलेला खोलगट डाग असेल, तर ती फार बोलकी खूण आहे: कोणतीतरी पुली जाम होऊन पट्टा जागीच थांबला होता आणि क्रँक पुली त्याच्या त्याच जागेवर घासत फिरत राहिली होती. आतल्या बाजूला सर्वत्र सारख्या आडव्या भेगा म्हणजे वय आणि उष्णता. पट्टा फुगलेला, मऊ आणि चिकट लागत असेल तर त्याच्यावर तेल, डिझेल किंवा शीतक पडत आहे. चपट्या पट्ट्याची एक धार पूर्ण सोलून निघाली असेल, तर तो बसवताना एक खाच बाजूला बसला होता का, ते पाहावे. पट्टा न तुटता उलटा होऊन पुलीवरून उतरला असेल, तर बहुधा तो सैल होता किंवा रेषेत नव्हता, आणि शाबूत दिसला तरी तो पुन्हा वापरू नये.

भेगांबद्दल एक खुलासा आवश्यक आहे. जुन्या निओप्रीन रबराच्या पट्ट्यांवर भेगा मोजून त्यांचे वय ठरवता येत असे. आताचे चपटे पट्टे बहुतेक ईपीडीएम रबराचे असतात आणि त्यांना सहसा भेगा पडत नाहीत. त्यांच्या धारा मोटारीच्या टायरसारख्या झिजत जातात. त्यामुळे भेगा नाहीत, म्हणून पट्टा चांगला आहे, हा निष्कर्ष त्यांच्या बाबतीत चुकीचा ठरतो. त्यांच्या खाचांची खोली नव्या पट्ट्याशी ताडून पाहावी लागते.

पट्ट्याची साक्ष घेतल्यावर एकेक पुली हाताने फिरवावी. पट्टा नसल्यामुळे हे काम आता सोपे आहे आणि ही संधी दवडू नये. अल्टरनेटरची पुली हलकेच आणि आवाजाशिवाय फिरली पाहिजे. घरघर, खरखर किंवा मध्येच अडकणे म्हणजे बेअरिंग संपले आहे. पुली दोन बाजूंनी धरून वर-खाली हलवावी. जाणवण्याइतकी हालचाल असू नये. शीतकाच्या पंपालाही हेच लागू आहे. शिवाय त्याच्या खालच्या बाजूला एक छोटे गळतीचे छिद्र असते, त्यातून शीतकाचे ओघळ किंवा त्यांचे वाळलेले रंगीत डाग दिसले तर आतले सील गेले आहे आणि बेअरिंगही त्याच मार्गावर आहे. बाहेरच्या पाण्याचा पंप फिरवताना थोडा विरोध जाणवणारच, कारण इम्पेलरची पाती आत दुमडत असतात, पण तो विरोध सारखा असावा. हा पंप नेहमीच्या फिरण्याच्या दिशेनेच फिरवावा, नाही तर पाती उलटी दुमडतात.

बेअरिंगांच्या बाबतीत एक अडचण अशी, की थंड असताना निर्दोष वाटणारे बेअरिंग तापल्यावर आणि ताणाखाली आवळते. म्हणून केवळ हाताने फिरवून समाधान मानू नये. शाफ्टवर पुलीजवळ निळसर-तांबूस छटा आली आहे का, सीलभोवती वंगण वितळून बाहेर आले आहे का, आणि पंख्याच्या पात्यांवर काळ्या रबराची भुकटी चिकटली आहे का, हे पाहावे. निळी छटा दिसली तर ते बेअरिंग एकदा तरी फार तापले होते असे निश्चित समजावे.

यानंतर पुलींच्या खाचा. बोटीवर या भागाकडे फार दुर्लक्ष होते, आणि माझ्या मते थोड्या तासांत पट्टे संपवणाऱ्या इंजिनांत खरा दोष पुष्कळदा येथेच असतो. खारट दमट हवेत इंजिन काही आठवडे बंद राहिले, की पुलीच्या खाचेत गंज चढतो. इंजिन सुरू होताच तो गंज खरकागदासारखे काम करतो आणि नव्या पट्ट्याच्या बाजू खाऊन टाकतो. बाहेरच्या पाण्याचा पंप सीलमधून थेंब थेंब गळत असेल, तर तेच खारे पाणी फिरणाऱ्या पट्ट्याने सर्व पुलींवर शिंपडले जाते. म्हणजे गळतीतून गंज, गंजातून झीज, झिजेतून घसरण आणि घसरणीतून तुटणे अशी साखळी तयार होते, आणि माणूस मात्र शेवटची कडी बदलत राहतो. इंजिनाच्या पुढच्या भागावर काळी बारीक भुकटी साचली असेल, तर ही साखळी सुरू आहे. खाचा बारीक एमरी कागदाने गुळगुळीत कराव्यात, भुकटी पूर्ण पुसून काढावी, आणि खाचेला खड्डे पडलेले असतील तर ती पुली बदलावी.

इंग्रजी व्ही आकाराच्या पट्ट्यात पकड दोन्ही बाजूंच्या पाचरीमुळे येते, तळामुळे नाही. म्हणून नवा पट्टा खाचेत बसवल्यावर त्याची वरची बाजू पुलीच्या कडेशी समपातळीत किंवा किंचित वर असावी. तो खोल बुडत असेल आणि खाचेचा तळ घासून चकाकत असेल, तर पट्टा तळावर टेकतो आहे, पाचर उरलेली नाही आणि कितीही ताणला तरी तो घसरणार. याची दोनच कारणे संभवतात: पुली झिजली आहे किंवा पट्टा अरुंद आहे. 13 मिलिमीटर रुंदीच्या खाचेत 10 मिलिमीटरचा पट्टा घालून तात्पुरते काम भागल्यासारखे वाटते, पण तो अगदी असाच तुटतो. आपण त्याच मापाचा पट्टा आणला असे लिहिले आहे. ते माप जुन्या तुटलेल्या पट्ट्यावरून घेतले की इंजिनाच्या पुस्तिकेतून, हे तपासावे. जुना पट्टाही आधीच्या कोणी चुकीचा बसवलेला असू शकतो.

पुली एका रेषेत आहेत की नाहीत, यासाठी एक सरळ पोलादी पट्टी पुरते. ती क्रँक पुलीच्या तोंडावर टेकवून दुसऱ्या पुलीपर्यंत न्यावी आणि फट पाहावी. पुलींच्या कडांची जाडी वेगवेगळी असेल, तर कडांवर विसंबू नये. खाचांच्या मध्यांचे अंतर मोजावे. दोन पुलींमधील अंतर 30 सेंटिमीटर असेल, तर 1.5 मिलिमीटरपेक्षा जास्त फरक चालवून घेऊ नये. मात्र हे मोजमाप पट्टा ताणलेल्या अवस्थेतही करावे, केवळ सुट्या अवस्थेत नव्हे. अल्टरनेटरचा कंस तडकलेला असेल, किंवा ज्या बोल्टभोवती अल्टरनेटर फिरतो त्याची भोके झिजून लांबट झाली असतील, तर ताण येताच तो तिरका होतो. सुटा असताना मात्र सर्व काही सरळ दिसते. अल्टरनेटर अलीकडे बदलला असेल तर संशयाची पहिली जागा हीच. नव्या अल्टरनेटरचे पाय जुन्यापेक्षा थोडे वेगळे असतात आणि फरक भरून काढण्यासाठी योग्य जाडीची वॉशर घालायची राहून जाते.

क्रँक पुलीकडेही पाहावे. काही इंजिनांत ती दोन भागांची असते: मधला भाग आणि बाहेरचे कडे, आणि त्यांच्यामध्ये कंपन शोषणारे रबर. ते रबर जुने झाले की कडे मधल्या भागावर घसरू लागते किंवा डोलू लागते. ओळखण्याची सोपी पद्धत अशी: मधला भाग आणि बाहेरचे कडे या दोन्हींवरून जाणारी एक सरळ रेघ खडूने ओढावी, इंजिन थोडा वेळ चालवून बंद करावे आणि रेघ अखंड आहे का पाहावे. रेघेचे दोन तुकडे बाजूला सरकलेले दिसले तर ती पुली बदलणे भाग आहे. पुलीच्या मधल्या बोल्टभोवती लालसर गंजाची भुकटी दिसणे म्हणजे पुली शाफ्टवर सैल झाली आहे. तेथे इंजिनकामाची सवय असलेल्या माणसाला बोलवावे, कारण त्या बोल्टला ठरावीक घट्टपणा लागतो आणि अंदाजाने आवळणे धोक्याचे असते.

एक गोष्ट अलीकडे वारंवार आढळते आणि ती विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. बोटीत मोठा अल्टरनेटर किंवा लिथियम बॅटऱ्या बसवल्या आहेत का? 14 व्होल्टला 100 अँपिअर म्हणजे 1400 वॅट होतात, आणि अल्टरनेटरची कार्यक्षमता साधारण निम्म्याच्या थोडी वर धरली तर पट्ट्याला जवळजवळ 2500 वॅट, म्हणजे सुमारे साडेतीन अश्वशक्ती पोचवावी लागते. तीही लहान व्यासाच्या अल्टरनेटर पुलीवरून, जिला पट्टा फारसा वेढतही नाही. 10 मिलिमीटरच्या एकाच पट्ट्याला हे झेपत नाही. शिसे-आम्लाची बॅटरी भरत आली की स्वतःच कमी प्रवाह घेऊ लागते, त्यामुळे पट्ट्याला विसावा मिळतो. लिथियम बॅटरी मात्र जवळजवळ भरेपर्यंत पूर्ण प्रवाह घेत राहते आणि पट्टा तासन् तास पूर्ण भाराखाली तापतो. अशा वेळी अधिक ताणणे हा उपाय नव्हे, कारण त्यात अल्टरनेटरचे आणि पंपाचे बेअरिंग बळी जाते. एक तर दोन पट्ट्यांच्या किंवा चपट्या बहुखाची पट्ट्याच्या पुली बसवाव्यात, नाही तर रेग्युलेटरद्वारे अल्टरनेटरचा प्रवाह मर्यादित करावा. दोन पट्टे असतील तर ते नेहमी जोडीने बदलावेत. एक जुना आणि एक नवा ठेवला तर सारा भार नव्यावर येतो. आणि पेट्रोल इंजिनावर मोटारीचा साधा अल्टरनेटर कधीही लावू नये. बोटीसाठीचा अल्टरनेटर ठिणगी बाहेर येऊन वाफ पेटणार नाही अशा रचनेचा असतो.

कारण सापडून दूर झाले, की मगच नवा पट्टा बसवावा. ताण देताना अल्टरनेटरच्या पुढच्या भक्कम भागावर तरफ लावावी. मधल्या किंवा मागच्या भागावर लावल्यास त्याचे कवच तडकते. पुस्तिकेतील आकडा हाताशी नसेल तर सर्वांत लांब सुट्या भागाच्या मध्यावर अंगठ्याने सुमारे 10 किलोचा जोर द्यावा; लहान इंजिनांत पट्टा साधारण 10 मिलिमीटर दबला पाहिजे. दुसरी खूण अशी, की अल्टरनेटरची पुली हाताने जोर लावून फिरवताना ती पट्ट्याखाली घसरू नये. स्वयंचलित ताणकाची चपटी रचना असेल तर असा अंदाज लागू होत नाही. तेथे ताणकाची स्प्रिंग, त्याच्या पुलीचे बेअरिंग आणि त्याच्यावरील खूण योग्य मर्यादेत आहे की नाही हे पाहावे.

नवा पट्टा पहिल्या अर्ध्या तासात थोडा बसतो आणि सैल होतो. आपला दुसरा पट्टा बसवल्यानंतर पुन्हा ताणला नव्हता, असे असेल तर तेही त्याच्या लवकर तुटण्याचे पुरेसे कारण ठरू शकते: सैल पट्टा घसरतो, घसरून तापतो, तापून कडक होतो आणि मग तुटतो. म्हणून अर्धा तास चालवून, थांबवून, थंड होऊ देऊन एकदा ताण तपासावा आणि सुमारे 25 तासांनी पुन्हा एकदा. घसरण थांबवण्यासाठी मिळणारे चिकट फवारे वापरू नयेत. ते आवाज झाकतात, रबर खराब करतात आणि खरे कारण दिसेनासे करतात.

इंजिन सुरू केल्यावर पट्ट्याच्या सरळ रेषेत उभे न राहता बाजूने टॉर्चने पाहावे. सैल बाही, दोरी किंवा गळ्यातले काही लोंबत नाही याची आधी खात्री करावी. पट्टा फडफडतो का, एखादी पुली डोलते का, हे मंद वेगातही दिसते. बॅटरीच्या टोकांवर व्होल्टमीटर लावावा: इंजिन बंद असताना भरलेल्या शिसे-आम्ल बॅटरीवर 12.6 ते 12.7 व्होल्ट दिसतात आणि इंजिन चालू झाल्यावर 13.8 ते 14.4 दिसले पाहिजेत. दिवे आणि इतर उपकरणे सुरू केल्यावर आकडा एकदम घसरला आणि त्याच वेळी पट्टा किंचाळला, तर तो अजूनही घसरतो आहे. चपट्या पट्ट्याचा आवाज कशाचा, हे ठरवायला एक जुनी परीक्षा आहे: इंजिन मंद चालू असताना, विजेच्या जोडण्यांपासून दूर, पट्ट्याच्या खाचांच्या बाजूवर साध्या पाण्याचा बारीक फवारा मारावा. आवाज काही क्षण थांबला तर पुली रेषेत नाहीत. आवाज वाढला तर ताण कमी आहे.

आपल्या बाबतीत तापमान चढले होते, त्यामुळे काम येथे संपत नाही. शीतकाची पातळी इंजिन पूर्ण थंड झाल्यावर पाहावी आणि तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतू नये, कारण त्याने सिलिंडर हेडला तडा जाऊ शकतो. तेलाची कांडी काढून तेल दुधाळ झाले आहे का पाहावे; तसे असेल तर शीतक तेलात मिसळले आहे आणि इंजिन सुरू करू नये. बाहेरच्या पाण्याचा पंपही त्याच पट्ट्यावर असेल किंवा त्या वेळी मागचे पाणी थांबले असेल, तर इम्पेलर काढून त्याची पाती मोजावीत. एखादे पाते कमी असेल तर ते पुढे उष्णता-विनिमयकाच्या, म्हणजे बाहेरच्या पाण्याने शीतक थंड करणाऱ्या भागाच्या, तोंडाशी अडकलेले असते आणि पट्टा कितीही उत्तम बसवला तरी तापमान चढतच राहते. निकासाची रबरी नळी बाहेरून हाताने दाबून पाहावी. ती कडक, फुगलेली किंवा आतून सोललेली वाटली तर बदलावी, कारण ती फुटली तर बोटीत पाणी आणि धूर दोन्ही शिरतात.

आपल्याला क्रम हवा असेल तर मी असा ठेवीन: आधी दोन्ही तुटलेले पट्टे शेजारी ठेवून खुणा ताडाव्यात. दोघांवर एकच खूण असेल तर इंजिनात कायमचा दोष आहे. पहिल्यावर वयाच्या भेगा आणि दुसऱ्याला सरळ आडवा काप असेल तर पहिला वयाने गेला आणि दुसरा बसवताना दुखावला गेला, आणि मग इंजिनात कदाचित काहीच दोष नसेल. त्यानंतर पुली हाताने फिरवणे, खाचा पाहणे, रेषा मोजणे, आणि शेवटी अल्टरनेटरवरील भाराचा हिशेब. हे सर्व अर्ध्या दिवसात होते. नवा पट्टा नीट चालू लागल्यावर त्याच क्रमांकाचा आणखी एक पट्टा आणि तो बदलायला लागणारे दोन पान्हे इंजिनकक्षातच, पण उष्णतेपासून दूर, बंद पिशवीत ठेवावेत. तो दुसरा पट्टा एकदा प्रत्यक्ष बसवून, चालवून, मगच राखीव म्हणून काढून ठेवावा.